मागच्या दाराची राणी

सिउ लान,

तुझ्या राजवाड्यातून निघालेली दुःखद वार्ता मला एकाच सकाळी तिघांनी पाठवली. काळी चौकट, वर तळदुर्ग संस्थानची मुद्रा, मध्ये डोक्यावरून पदर घेतलेली चाळिशीतली तू. खाली मजकूर: ‘राजमाता श्रीमंत सुलक्षणादेवी यांचे परदेशी वास्तव्यास असताना अल्पशा आजाराने देहावसान झाले.’

परदेशी! इथे, याच बेटावर, सेम्बावांगला तू जन्मलीस. गोदीच्या भोंग्यावर तुझ्या आईचं घर चालायचं, बोटींचे पत्रे जोडता जोडता तुझा बाप म्हातारा झाला, तिथल्याच समुद्रात तू पोहायला शिकलीस. तो परदेश. आणि तळदुर्ग, जिथे तुला चाळीस वर्षं पाठीमागे ‘चिनी राणी’ म्हणत राहिले, तो तुझा देश. तुझं खरं नाव त्या चौकटीत कुठेच नव्हतं. तुझ्या आईबापाचं नव्हतं, भावाचं नव्हतं. जणू तू त्या वाड्याच्या जोत्यातूनच उगवली होतीस. मी फोन सोफ्यावर फेकला. आणि ‘अल्पशा’ म्हणजे काय? तो आजार किती मोठा असता तर त्यांनी जरा मोठा शब्द वापरला असता?

तुझं गुणगान करायला मी बसलेली नाही. ते तिकडे चाललंय, लाउडस्पीकर लावून. मी रागावले आहे. तुझ्या मुलावर तर आहेच. पण बाई, तुझ्यावरही आहे, आणि तू गेलीस म्हणून तो राग कमी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी मी बिशानच्या माझ्या घरून सेम्बावांगला एक फ्लॅट बघायला आले होते. फ्लॅट काही पसंत पडला नाही. भूक लागली म्हणून शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या एका गाळ्यावरून नूडल्स घेऊन बसले, तेवढ्यात पुण्याहून बहिणीचा फोन आला. आईला कुणी ठेवून घ्यायचं यावरून आमचं जुंपलं. इथे कुणाला मराठी कळतंय, म्हणून मी चांगला आवाज चढवला. “तिला म्हणावं, हट्ट सोड, नाहीतर पड एकटी!” असं काहीतरी मी म्हणाले. समोरच्या टेबलावर फुलाफुलांचा ढगळ ब्लाउज घातलेली एक चिनी म्हातारी कॉफी पीत होती. तिने कप खाली ठेवला.

“आईला असं बोलत्यात व्हय गं?”

माझ्या हातातल्या चॉपस्टिक्स ताटलीत पडल्या. मी फोन बंद केला की नाही तेही आठवत नाही.

“तुम्हाला मराठी येतं?”

“येतं म्हंजे? चाळीस वर्सं त्येच बोललो.”

‘बोलले’ नाही, ‘बोललो’. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं. मी विचारलं, तुम्हाला काय म्हणू? आँटी? तू म्हणालीस, “सिउ लान म्हन. लई दिसांत कुनी म्हनलं न्हाई. आन् अहोजाहो नको, मला त्ये नीट जमत न्हाई.”

तुझी गोष्ट पुढच्या रविवारांनी मला तुकड्यातुकड्याने सांगितली. इंग्लंडमध्ये तू सुईणीचं शिक्षण घेत होतीस, तो कायदा शिकत होता. तळदुर्गचा राजा. राज्य नकाशावर बोटाखाली झाकलं जाईल एवढं, आणि तेही केव्हाच विलीन झालेलं. तनखेसुद्धा बंद झाले होते. पण माणसाचं राज्य गेलं तरी त्याच्या आईचं जात नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं गेलं, ते तुला वाचताही आलं नाही. सासूबाई वर्षभर तुझ्याशी बोलल्या नाहीत. तुझ्याशी बोलायची ती फक्त स्वयंपाकघरातली सखू. म्हणून तू सखूची भाषा शिकलीस. राणीच्या तोंडी मोलकरणीची भाषा ऐकून सासूबाईंनी हाय खाल्ली आणि पुण्याहून एक मास्तर आणवला. तो दोन महिन्यांत पळाला.

मीही पुण्याचीच. तुझं ‘न्हाई’ सुधारायला मी पहिल्याच महिन्यात निघाले होते. तू हसून म्हणालीस, “तू बी पळशील.”

मी पळाले नाही. पण तुझ्या त्या चाळीस वर्षांचा मला राग यायचा आणि तुला माझ्या रागाचं हसू यायचं. राणीची कामं म्हणून तू काय काय केलंस! कन्याशाळेची बक्षिसं वाटलीस, भजनी मंडळांना पेट्या दिल्यास, दसऱ्याला शाल पांघरून घामाच्या धारांत तीन-तीन तास पुतळ्यासारखी बसलीस. पूर आला की गावोगाव फिरलीस. प्रत्येक भाषण दुसऱ्याने लिहिलेलं, तू फक्त वाचायचंस. सगळ्या गावाला हळदीकुंकू लावायचीस. एका म्हातारीने तुझ्या हातचं कुंकू घेतलं नव्हतं. तिचा मुलगा चीनच्या लढाईत गेला होता. “माझ्या लेकाला मारणाऱ्यांच्या हातचं नको,” असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. तू चीन बघितलासुद्धा नव्हतास.

“मग तू काय केलंस?” मी विचारलं.

“काय करनार? करंडा झाकला आन् फुडच्या बाईकडं गेलो. पाच वर्सांनी तिची सून अडली. मूल आडवं हुतं. तवा मीच गेलो.”

हे सांगताना तुझा आवाज जराही बदलला नाही. तळदुर्गच्या बाळंतिणींच्या दवाखान्याची फीत तू कापलीस, फोटो निघाले, सासूबाईंनी बजावलं की राणीने रक्ताला हात लावायचा नाही. आणि मग तू काय केलंस? फीत कापायला पुढच्या दाराने गेलीस आणि पुढची सगळी वर्षं नाळ कापायला मागच्या दाराने जात राहिलीस. सखू तुला स्वयंपाकघराच्या बोळातून न्यायची. नवऱ्याला माहीत होतं. तो काही बोलायचा नाही. वाड्यात त्यालाच प्रेम म्हणत असावेत.

तो गेला आणि त्याच्या मागे पहिलंच हळदीकुंकू आलं. तू नेहमीसारखी दिवाणखान्यात आलीस. सुनेने तुझ्या हातातून तबक घेतलं आणि मुलगा गोड आवाजात म्हणाला, “आईसाहेब, आपण आता विश्रांती घ्यावी.” जो सोहळा तू चाळीस वर्षं केलास, त्यात तुझी सावली नको झाली. तू आत जाऊन बसलीस. मी हे ऐकलं तेव्हा आपण बिशानच्या बागेत बाकावर बसलो होतो आणि मी इतक्या जोराने बोलले की पळणारी माणसं थांबून बघायला लागली.

“तू गप्प कशी बसलीस?”

“रीत हाय ती.”

“कोणाची रीत? तुझी? तुझ्या आईने पाळली असती?”

“अनगा,” तुला माझ्या नावातला ‘घ’ कधी म्हणता आला नाही, “घर घेतलं की त्याचा पायखाना बी घ्यावा लागतो. निस्ता दिवानखाना घेता येत न्हाई.”

यावर आपण किती वेळा भांडलो! मी म्हणायचे, घर सोडता येतं. तू म्हणायचीस, सोडलं की. आणि खरंच, तीन महिन्यांसाठी म्हणून तू भावाकडे आलीस ती परत राहायला गेली नाहीस. पण सोडलं होतंस का तू? लग्नानंतर इथलं नागरिकत्व टाकून दिलंस, कारण राणीचा पासपोर्ट परका कसा असेल! त्यामुळे ज्या गावात जन्मलीस तिथे राहायला तुला दर वेळी पास मागावा लागायचा. तो अर्ज मी भरायचे. ‘राहण्याचं कारण’ या रकान्यापाशी मी थांबले की तू म्हणायचीस, “माहेर लिही.” मी काहीतरी दुसरं, कार्यालयाला कळेल असं लिहायचे.

एक गोष्ट मी तुला कधी नीट सांगितली नाही. त्या पहिल्या दिवशी तू मला दटावलंस म्हणून मी आईला इथे आणलं. शेवटची दोन वर्षं ती माझ्याकडे होती. मी बँकेत जायचे आणि तू सेम्बावांगहून ट्रेनने येऊन तिला न्हाऊ घालायचीस, तिच्या गुडघ्यांना तेल लावायचीस. आधी तिने किती आढेवेढे घेतले! राणीकडून पाय चेपून घ्यायचे म्हणजे नरकात जागा नाही म्हणाली. मग तुम्ही दोघी मिळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागलात. आई गेली तेव्हा तिचे डोळे तू मिटलेस. मी तुझे आभार मानले नाहीत. उद्या मानू, परवा मानू, असं करत राहिले. आता ज्या तोंडाने मानायचे त्याच तोंडाने मी तुला काय बोलून बसले आहे, ते तुला ठाऊकच आहे.

तेच आता लिहिते.

दवाखान्याच्या वर्धापनदिनाची पत्रिका आली. ‘प्रमुख उपस्थिती: राजमाता.’ याआधी दोनदा त्यांनी तुला असंच बोलावलं होतं. मंचावर बसवायचं, फोटो काढायचे आणि आरतीची वेळ झाली की आतल्या खोलीत नेऊन ठेवायचं. या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हृदयाची झडप खराब आहे, विमानप्रवास नको. मी तुझ्या भावाच्या घरी आले, तर पलंगावर बॅग उघडी आणि तू साड्या लावत होतीस.

“तू जाणार नाहीस,” मी म्हणाले.

“जानार.”

“कशासाठी? त्याला निवडणुकीला उभं राहायचंय म्हणून तुझा फोटो हवाय. एवढं कळत नाही तुला?”

“कळतंय.”

“मग?”

तू एक निळी साडी वर धरलीस. “ही बरी दिसंल का गं? लांबनं समद्यास्नी दिसाया पायजे.”

तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “खरं सांगू का? तुला हे आवडतं. फेटेवाले, तुताऱ्या, पायावर डोकी ठेवणारे. इथे हॉकर सेंटरमध्ये तुला कोणी ओळखत नाही ना, ते तुला सहन होत नाही. मिरवायला जातेयस तू.”

तू साडीची घडी घातलीस. कोपरे जुळवून, सावकाश. मला उलट बोलायला तुला कधी वेळ लागत नसे, पण त्या दिवशी तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, वर्मी लागलं. मी जिने उतरून खाली आले तेव्हा मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते. विमानतळावर मी आले नाही.

तू परत आलीस, आणि आलीस ते थेट अंथरुणाला खिळलीस, हे मला माहीत नव्हतं. तुझे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत. मग आवाजी निरोप आला: “अनगा, ऐतवारी ये. बोलायचं हाय.” मी त्या रविवारी टॅम्पिनीसला एका मैत्रिणीच्या वास्तुशांतीला गेले. म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ, जरा कळू दे हिला. गुरुवारी दुपारी तुझ्या भावाचा, आ सेंगचा, फोन आला.

तुमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत तुझ्यासाठी मांडव घातला होता. गोल टेबलं, शेंगदाणे, सरबताची खोकी, उदबत्त्यांचा धूर. तुझ्या शवपेटीपुढे आ सेंगने तुझा सुईणीच्या पोशाखातला फोटो लावला होता. टोपी किंचित तिरकी. तुमच्या रीतीने तुला तिथे ठेवलं होतं तोवर, तीन दिवस, मी तिथे बसले. मी काय करायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून शेंगदाण्यांची टरफलं गोळा करत होते. तुझा मुलगा येणार का, असं मी विचारलं. आ सेंग म्हणाला, “ही सेंड समवन.”

तिसऱ्या दिवशी दुपारी तो ‘समवन’ आला. वाड्याचे कारभारी, शिंदे. साठीपुढचे, या उकाड्यात कोट घातलेले, हातात लाल जरीच्या कापडात बांधलेला पितळी कलश. त्यांनी तुझ्या पेटीपुढे लोटांगण घातलं, उठले, कोट झटकला आणि आ सेंगकडे हात करून मला म्हणाले, “ताई, यांना जरा सांगाल का? महाराजांची इच्छा आहे की अस्थी तळदुर्गला याव्यात. रथ सजवून तयार आहे. सात दिवस तालुकाभर कलशयात्रा, मग नदीत विसर्जन. राणीसाहेबांचीही तीच शेवटची इच्छा होती, असं सांगा.”

“तिने असं म्हटलं होतं?”

त्यांनी कलशाच्या कापडाची गाठ घट्ट केली. “असं सांगा, असं मला सांगितलंय.”

मी काय बोलले ते तू ऐकलं असशील, पेटी चार हातांवर होती. मी म्हणाले, तुम्हीच मारलंत तिला. आजारी बाईला हजारो मैलांवरून नेऊन उन्हात मंचावर बसवलंत, पोस्टरवर तोंड हवं म्हणून. आणि आता तिची हाडंसुद्धा मिरवायला हवीत? आजूबाजूच्या आज्ज्या शेंगदाणे फोडायच्या थांबल्या. शिंदे मान खाली घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं,

“ताई, त्या कशाला आल्या होत्या, ते तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?”

मग त्यांनी सांगितलं. दवाखान्याची इमारत हॉटेलवाल्यांना द्यायचं तुझ्या मुलाने ठरवलं होतं. जुन्या दगडी इमारतीत राजेशाही थाटाचं रिसॉर्ट. ट्रस्टवर दोनच जण उरले होते, तो आणि तू, आणि कागदावर दोघांची सही लागत होती. म्हणून ते बोलावणं. वर्धापनदिनाच्या मंचावर सगळ्यांसमोर तुझ्याकडून सही घ्यायची, म्हणजे पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. सखूची मुलगी मंगल तिथे नर्स आहे. तिने तुला आधीच फोन करून हे कळवलं होतं. तुला सगळं माहीत होतं. ती निळी साडी वर धरलीस तेव्हाही माहीत होतं.

“पेन हातात दिलं,” शिंदे म्हणाले, “आणि त्या उठल्या. माइकपाशी गेल्या. लिहून दिलेलं भाषण मी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.”

“काय बोलली?”

शिंद्यांनी घसा साफ केला आणि तुझ्याच बोलीत, जसंच्या तसं म्हणून दाखवलं. “‘बायांनो, आजपत्तुर मी हितं दुसऱ्याचं वाचून दावलं. आज माजं सांगतो. ह्या घरात मी ह्या हातांनी तुमची पोरं काढली. राणीनं असलं काम करू नये म्हनून मागल्या दारानं येत हुतो. आज फुडच्या दारानं आलो. हे घर बाळंतिनीचं हाय. माज्या मालकांनी तसा शबुद दिलाय. माजा ल्योक त्यो मोडाया निघालाय. मी सही करनार न्हाई.’”

तुझ्या मुलाने माइक बंद करायला लावला. तू पेन त्याच्या हातात परत ठेवलंस, मंचावरून उतरलीस आणि सरळ वॉर्डात जाऊन एका बाळंतिणीच्या उशाशी बसलीस. बाहेर बायका घोषणा देत होत्या. वाड्यावर तुझी खोली त्याच संध्याकाळी बंद झाली. दोन दिवस तू मंगलच्या घरी राहिलीस आणि मग विमान गाठायला सकाळच्या एस.टी.ने मुंबईला गेलीस. त्या झडपेनिशी, बहात्तराव्या वर्षी, भर उन्हात, दिवसभर.

“एस.टी.ने? वाड्यावर चार गाड्या आहेत!”

“त्यांनी गाडी मागितली होती, ताई. माझ्याकडेच निरोप आला.” शिंद्यांनी कलश टेबलावर ठेवला. “मी नाही म्हणून कळवलं. हुकूम होता. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हातांवर जन्मली आहेत आणि मी गाडी नाही म्हटलं.”

त्या माणसाच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं. हात उचललाही असता. पण तुझे दोन फोन माझ्याही मोबाइलमध्ये होते, न घेतलेले.

आ सेंग इतका वेळ शेजारी उभा होता. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, पण कलश कळला होता. मी त्याला सगळं इंग्रजीत सांगितलं: काय मागताहेत, आणि तू तिकडे काय करून आलीस. त्यालाही तू सांगितलं नव्हतंस. त्याने तुझ्या फोटोपुढे नवी उदबत्ती खोचली. मग म्हणाला, “फॉर्टी इयर्स दे टेक ऑलरेडी. इनफ लाह. शी स्टे विथ माय मदर.”

तेवढ्यात शिंद्यांचा फोन वाजला. तुझा मुलगा होता. शिंद्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः दोन पावलं मागे सरले.

“ताई, आपण मराठी आहात, आपल्याला आपले संस्कार समजतात,” तो म्हणाला. आवाज खरंच गोड आहे त्याचा. “आईसाहेब आमच्या एकट्याच्या नव्हत्या. जनतेचा त्यांच्यावर हक्क आहे. लोकांना दर्शन हवंय.”

“लोकांना ती कुठे भेटेल ते ती स्वतः सांगून गेलीय,” मी म्हणाले. “तो दवाखाना मोडू नका, म्हणजे झालं. अस्थी मिळणार नाहीत.”

“हे ठरवणाऱ्या आपण कोण?”

मी तुझी कोण? फोन आ सेंगकडे दिला. तो फक्त म्हणाला, “आय ॲम हर ब्रदर. यू डिड नॉट कम,” आणि फोन बंद करून शिंद्यांच्या खिशात ठेवला.

मग शिंद्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. तळदुर्ग सोडण्याआधी तू ते त्यांच्याकडे दिलं होतंस: आपल्या जागी ट्रस्टवर मंगलला नेमते, असं पत्र, तुझ्या सहीचं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. ते फाडून टाका, असा वाड्याचा हुकूम होता. त्यांनी फाडलं नव्हतं. धर्मादाय कार्यालयात दिलंही नव्हतं. त्या माणसाने तुझं पत्र नुसतं छातीशी घेऊन फिरवलं होतं.

“मी काय करू, ताई?”

“मला विचारू नका. तिला विचारा,” मी म्हणाले, आणि तुझ्या पेटीकडे बोट दाखवलं. निर्दयपणे. मला तेव्हा दया आली नाही, आणि आलीच पाहिजे असंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुला मंडाईच्या स्मशानात नेलं. पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा मी तुला म्हणाले होते, “तुमच्याकडे माणसांना मंडईत जाळतात?” आणि तू इतकी हसलीस की कॉफी नाकात गेली. त्या दिवशी तिथे कुणी हसण्यासारखं नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या सकाळी अस्थी वेचायला बोलावलं. आपल्याकडेही वेचतात, पण बायकांना कोण नेतं? माझ्या वडिलांच्या वेळी मला नेलं नव्हतं. आ सेंगने पहिलं हाड उचललं आणि मग लांब चॉपस्टिक्स माझ्या हातात दिल्या. एवढंसं पांढरं हाड, हलकं, खडूसारखं. तू कुठल्या हाताने पोरं काढायचीस, ते हाड त्यातलं कुठलं, मला काही कळलं नाही. मग आ सेंगने शिंद्यांना पुढे बोलावलं. मला ते आवडलं नाही. मी तसं म्हणालेही. आ सेंग म्हणाला, “आफ्टर मॅरेज, ही सी हर फॉर्टी इयर्स. आय ओन्ली सिक्स.” शिंद्यांनी दोन्ही हातांनी काड्या धरल्या, त्यांना त्या धरता येत नव्हत्या. त्यांच्याकडून हाड दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा उचललं, कुंभात ठेवलं, आणि ते मोठ्याने रडले. तुझ्या राज्यातून तुझ्यासाठी रडायला एवढा एकच माणूस आला होता.

तू आता अस्थिघरात, तुझ्या आईच्या शेजारच्या कोनाड्यात आहेस. शिंदे पितळी कलश रिकामाच घेऊन परत गेले. दहा दिवसांनी त्यांचा निरोप आला: पत्र धर्मादाय कार्यालयात दिलं, पोच मिळाली, नोकरी गेली. मंगलने बायकांना घेऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर बैठक मारली आहे. रिसॉर्टचा फलक उतरवलाय. कायमचा की निवडणुकीपुरता, ते कुणालाच सांगता येत नाही. रथ मात्र फिरला. कलशाऐवजी तुझा फोटो ठेवून. तो पदरवाला.

आता मला सांग, तू मला का नाही सांगितलंस? मी तुला ‘मिरवायला जातेयस’ म्हणाले तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. ‘अनगा, मी सही न्हाई म्हनाया चाललोय.’ बस. मी तुझी बॅग भरली असती. तुझ्याबरोबर आले असते. तुला एस.टी.त एकटीला बसू दिलं नसतं. की तुला वाटलं, मी अडवेन? अडवलं असतं. नक्की अडवलं असतं, आणि तू मेली नसतीस, आणि दवाखाना गेला असता. हे तू त्या साडीची घडी घालता घालता ठरवून मोकळी झालीस, मला न विचारता. चाळीस वर्षं गप्प बसायची सवय वाड्याने लावली ती तू माझ्यावर वापरलीस. माझ्यावर!

आणि रविवारी बोलावलंस ते हेच सांगायला, की आणखी काही होतं? मी आले असते तर माफी मागितली असती असं आज म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मी भांडायलाच आले असते. आपलं भांडण अर्ध्यावर आहे, बाई. मी बोलले, आता तुझी पाळी होती. अशा वेळी पाठ फिरवून निघून जायचं नसतं, मग राणी असो की कुणी असो. खाली बस, सिउ लान. माझं अजून झालेलं नाही.